सायकलच्या पट्टीतल्या बादल्या

निवृत्तीनंतर मी सायकल शिकले, याचे श्रेय माझ्या धाडसाला देऊ नये. मला ई-रिक्षा थांबवता येत नाही, हे त्यामागचे खरे कारण आहे. ई-रिक्षा थांबवायची तर हात वर करावा लागतो, आणि तो आपल्यासाठीच वर झाला आहे अशी चालकाची खात्री पटेल इतका वर करावा लागतो. माझा हात पदराच्या आसपास घोटाळतो. चालकाला वाटते की बाई पदर सावरत आहेत. तो सभ्य असला तर मान दुसरीकडे वळवून पुढे जातो. बालाघाटात ई-रिक्षावाले बहुतेक सभ्य आहेत.

माझी सारी नोकरी भोपाळमधल्या एका सरकारी कार्यालयाच्या ग्रंथालयात झाली. तिथे मोठ्याने बोलणे नियमाविरुद्ध होते, आणि हा नियम माझ्यासारख्या माणसाला किती सोयीचा आहे हे तो पाळणे संपल्यावर कळले. निवृत्त झाल्यावर मी बालाघाटला परतले, कारण माझी थोरली बहीण इथे आहे आणि दुसरीकडे कुठेही कोणीही नाही.

ताईचे काचबिंदूचे ऑपरेशन झाले होते. उरलेली नजर टिकवायची असेल तर सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी डोळ्यांत औषधाचे थेंब पडले पाहिजेत, असे डॉक्टरांनी बजावले होते. ताईचा हात थरथरतो. स्वतः घातलेला थेंब तिच्या गालावर पडे आणि बाटली लवकर संपे. शेजारच्या सुनेला सांगून पाहिले. ताईच्या म्हणण्यानुसार त्या सुनेने पहिला थेंब कानात घातला. सुनेचे म्हणणे असे की काकूंनी ऐन वेळी मान वळवून तिला डाळीत मीठ किती घातले हे विचारले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असण्यासारख्या आहेत.

मी आणि ताई एका घरात का राहत नाही, हा प्रश्न वाचकाला पडेल. तसा प्रयोग माझ्या घरी करून झाला होता. तो पुन्हा करू नये यावर आमचे दोघींचे एकमत आहे, आणि आमचे एकमत असलेली ती एकमेव बाब आहे. म्हणून मी गावाच्या या टोकाला आणि ताई बाजाराच्या रस्त्यावर, त्या टोकाला.

ताईचा मुलगा पुण्यात इंजिनियर आहे. त्याने फोनवर निर्णय सांगितला, "मावशी, तुम्ही दोन्ही वेळ वेळेवर येणार असाल तर आई तिथे राहील. नाहीतर मी तिला इकडे घेऊन येतो. डोळे गेल्यावर मला कुणाचं काही ऐकायचं नाहीये."

त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण ताई पुण्याला एकदा राहून आली होती.

"तिथं खिडकीतून पाह्यलं तर झाडाचा शेंडा दिसते," ती म्हणाली. "त्याच्याशी मी काय बोलू?"

खरे तर तिला झाडाचा शेंडासुद्धा नीट दिसत नव्हता. बालाघाटात मात्र ती दारात बसे आणि रस्ता ऐके. चपलेच्या आवाजावरून माणूस ओळखे, खोकल्यावरून त्याचे वय आणि मोटरसायकलच्या आवाजावरून त्याच्या सासऱ्याची ऐपत. तिला दिसत नाही हे इथे कुणाच्या लक्षात येत नसे, तिच्याही नाही. पुण्याच्या त्या शांत खोलीत ती पहिल्या दिवसापासून आंधळी झाली असती.

तेव्हा मी सायकल घेतली. दुकानदाराने विचारले, "पोती के लिए?" मी हो, नातीसाठीच, म्हटले, कारण खरे कारण लांबलचक होते. शिकले ती शाळेच्या मैदानावर, भल्या पहाटे. तिथे क्रिकेट खेळणारी मुले मी आले की खेळ थांबवत, आणि मी पलीकडे पोचून पडले की पुन्हा सुरू करत. पावसासाठी खेळ थांबवतात तसे त्यांनी माझ्यापुरते काही ठरवले असावे. कुणी हसले नाही. हसले असते तर मी शिकले नसते.

मला डावीकडे वळता येऊ लागले, उजवीकडे नाही. ताईच्या घरी जाण्याचा एक असा मार्ग मी शोधून काढला ज्यावर सगळी वळणे डावीकडची आहेत. तो नेहमीच्या मार्गाहून बराच लांब आहे आणि त्यात स्मशानाची भिंत लागते. परतीचा प्रश्न वेगळा होता. येताना मी वळणावर उतरून सायकल हातात धरून चालत असे.

बाजाराचा शेवटचा तुकडा टाळता येण्यासारखा नव्हता. सकाळी त्या रस्त्यावर किरनापूरकडून येणारी बस असे, शाळेच्या मुलांनी भरलेल्या व्हॅन असत, खाणीकडे निघालेला एखादा ट्रक असे, आणि या सगळ्यांच्या कडेने मी असे. रस्त्यावर सायकलवाल्याचे स्थान कोणते हे कुठे लिहिलेले नाही. मोटारी मधे चालतात, दुकाने कडेला असतात, आणि सायकलवाला उरलेल्या जागेत असतो. उरलेली जागा दर क्षणाला बदलते. मला घंटी वाजवायचा संकोच होता, कारण ती कुणालातरी उद्देशून वाजते. एका सकाळी एका जीपने मला इतक्या सहज कडेला सारले की ती आपल्या वाटेने निघून गेली आणि मी भाजीवालीच्या पालकात बसले. भाजीवालीने मला उठवले, पालक झटकला, आणि त्याच पालकाची जुडी मला विकली.

त्या दिवशी थेंब उशिरा पडले. संध्याकाळी भाच्याने व्हिडिओ कॉलवर माझे सोललेले कोपर पाहिले.

"मावशी, हे असं चालणार नाही," तो म्हणाला. "मी दिवाळीच्या आधी येतो. रस्ता स्वतः बघतो आणि मग ठरवू."

"ठरवू म्हणजे त्यानं ठरवलं," ताई फोन ठेवल्यावर म्हणाली. मग माझ्याकडे, म्हणजे माझ्या आवाजाच्या दिशेने, वळून म्हणाली, "तू सायकल चालवून राह्यली का सायकल तुले चालवून राह्यली?"

त्यानंतर काही दिवसांनी बाजाराच्या रस्त्यावर पट्टी आली. कुणी आखली, कोणत्या योजनेतून आखली, हे मला शेवटपर्यंत कळले नाही. एका सकाळी रस्त्याच्या डाव्या कडेने एक लांब पांढरी रेघ होती, रेघेच्या आतला भाग हिरवा रंगवला होता, आणि ठिकठिकाणी सायकलचे पांढरे चित्र काढले होते. चित्रातल्या सायकलवर कोणी बसलेले नव्हते. ते मला प्रामाणिकपणाचे वाटले.

मला आनंद झाला. रस्त्यावर माझ्यासाठी काही लिहिले गेल्याची ती पहिलीच वेळ होती. आनंद दुपारपर्यंत टिकला. संध्याकाळी मी निघाले तेव्हा पट्टीत मोटरसायकली उभ्या होत्या. त्या इतक्या व्यवस्थित, एका ओळीत उभ्या होत्या की मोटरसायकली नीट लावण्यासाठीच रेघ आखली असे कुणालाही वाटले असते. त्यांच्यापुढे फळांची हातगाडी होती. तिच्यापुढे प्लास्टिकच्या सामानाचे दुकान होते, आणि दुकानदाराने बादल्यांचे मनोरे थेट हिरव्या रंगावर रचले होते. लाल, निळे, पिवळे. हिरव्यावर ते उठून दिसत होते हे मान्य केले पाहिजे.

पूर्वी असे काही आडवे आले की मी घाबरत घाबरत बाहेरून वळसा घालत असे आणि मागची मोटार थोडी थांबत असे. आता तसे राहिले नाही. मी मोटरसायकलींना वळसा घालण्यासाठी रेघेबाहेर आले, आणि मागच्या शाळेच्या व्हॅनने इतका लांब हॉर्न दिला की आतली मुले कान झाकून हसू लागली.

"माताजी, आपकी लेन बनाई है ना! उसमें चलो!" चालकाने खिडकीतून सांगितले. तो रागावला नव्हता. मला माझी जागा माहीत नसावी असे समजून त्याने ती दाखवली होती.

त्याच्या बोलण्यात तर्क होता. पट्टी आखण्यापूर्वी सारा रस्ता कुणाचाच नव्हता, म्हणून थोडा माझाही होता. आता माझा भाग नेमून दिला गेला होता आणि तो बादल्यांनी भरला होता. उरलेला सगळा रस्ता अधिकृतपणे मोटारींचा झाला होता. सायकलच्या पट्टीमुळे सायकलवाले आणि गाडीवाले यांचे जमते का, असे मला त्या आठवड्यात कुणी विचारले असते, तर मी खाली पाहून विषय बदलला असता.

रेघेबाहेर जाण्याचे माझे धैर्य संपले. मी एक पद्धत स्वीकारली. पट्टीत काही आडवे आले की मी उतरत असे आणि उभी राहत असे. मागणे मला जमत नाही. उभे राहणे जमते. समोरच्या वस्तूकडे मी पाही. थेंबांची वेळ जवळ येत असे, म्हणून मग घड्याळाकडे पाही. पुन्हा वस्तूकडे. कधीतरी दुकानदाराच्या लक्षात येई आणि तो वस्तू सरकवी. मी मान तुकवून पुढे जाई आणि पुढच्या वस्तूपाशी हेच करी. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, कडक इस्त्रीच्या सुती साडीत, खांद्याला पिशवी लावून. ही सवय भोपाळची. ग्रंथालयात वाचक पुस्तक परत करायचे विसरला की मी त्याच्या टेबलापाशी अशीच उभी राहत असे.

एक-दोन आठवड्यांत काहीतरी बदलले. मी दिसताच फळवाला हातगाडी मागे ओढू लागला. मोटरसायकली भिंतीला टेकू लागल्या. बादल्यावाल्याच्या दुकानातून कुणीतरी ओरडे, "आ गई, आ गई!" आणि मनोरे आत जाऊ लागत. एक चहावाला मला उभ्याउभ्या नमस्कार करू लागला. मी मान तुकवी. लोक माझ्याकडे चांगल्या नजरेने पाहू लागले आहेत, असे मी समजले. म्हातारपणी सायकल शिकणाऱ्या बाईबद्दल गावाला कौतुक वाटत असावे.

खुलासा ताईने केला. मी तिच्या डोळ्यात थेंब घालत होते, आणि थेंब घालताना तिला बोलू नको असे सांगून उपयोग नसतो.

"बाजारात म्हणून राह्यले का भोपालहून कोणी मॅडम आली," ती छताकडे पाहत म्हणाली. "पट्टी चेक करते. दोन टाइम येते. सायकल खाली ठेवते, सामान पाहते, घड्याळ पाहते, अन् काही न बोलता निघून जाते. लय कडक आहे म्हणते. पण मुकी आहे."

मी बाटलीचे झाकण लावले.

"ती मी आहे," मी म्हणाले.

"मले समजलं. मुकी म्हटल्यावर समजलं."

"ताई, त्यांना खरं सांगायला हवं."

"सांग ना. कोणाले सांगशील?" ती डोळे मिटून हसली. "अन् काहून सांगशील? रस्ता भेटून राह्यला ना तुले? पोरगा येऊन पाहील, रस्ता मोकळा दिसला का मुकाट्यानं वापस जाईल. मग सांगत बस साऱ्या गावाले."

मी सांगितले नाही. त्यामागे कोणताही डाव नव्हता. ज्याने मला काही विचारलेच नाही त्याच्याजवळ जाऊन 'मी अधिकारी नाही' असे सांगण्याची रीत मला ठाऊक नव्हती. पण ताईने मात्र दारात बसून आपले काम चोख केले. येणारा-जाणारा थांबला की ती म्हणे, "मले काही माहीत नाही बाप्पा. पण मॅडम लय वरची आहे म्हणते." मला ती घरात घेताना दार लावून घेऊ लागली, आणि त्यामुळे मी तिथेही तपासणीलाच येते असा समज झाला. मला न ओळखणाऱ्या शेजारणींनी आपापल्या दारासमोरची तुळशीची कुंडी आत घेतली.

ते दिवस चांगले होते हे नाकारता येणार नाही. पट्टी सबंध हिरवी दिसू लागली. मी मोकळ्या पट्टीतून जाऊ लागले तशी माझी सायकल डगमगेनाशी झाली, आणि ती डगमगेनाशी झाली तसे गाडीवाले निश्चिंत झाले. किरनापूरच्या बसचा चालक माझ्याकडे पाहून दोन बोटे कपाळाला लावी. व्हॅनवाला रेघेपासून हातभर अंतर ठेवून चाले. पट्टीचा उपयोग होतो, असे माझे मत बनू लागले होते. अट इतकीच की तिच्यावर कुणीतरी कडक अधिकारी फिरत असला पाहिजे.

भाचा आला. पुण्यात तो रविवारी हेल्मेट घालून सायकल चालवतो, त्यामुळे या विषयावर त्याचे मत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो रस्त्याच्या पलीकडच्या कडेने चालत माझ्या बरोबरीने आला. मी दिसले. बादल्या आत गेल्या. हातगाडी मागे सरकली. चहावाल्याने नमस्कार केला. बसच्या चालकाने कपाळाला बोटे लावली. मी ताईच्या दारात वेळेवर उतरले.

"मावशी," भाचा म्हणाला, "हे आमच्याकडे होत नाही हो. आमच्या ट्रॅकवर लोक गाड्या लावतात, भेळवाले बसतात. इथे लोकांना शिस्त आहे."

"हौ," ताई म्हणाली. "शिस्त लय आहे."

तो दिवसभर खूश होता. आईला इथेच राहू द्यायला हरकत नाही, असे त्याने जेवताना बायकोला फोनवर सांगितलेही. ताईने त्या आनंदात दोन वेळा भात घेतला.

संध्याकाळी, थेंब घालून झाल्यावर, दार वाजले. बादल्यावाला होता. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात झाकणाची मोठी निळी बादली, आणि बादलीवर अजून कागद चिकटलेला.

"नमस्ते काकू. नमस्ते मॅडम." तो बसला नाही. बादली त्याने माझ्या पायापाशी ठेवली. "ये आपके लिए. कुछ नहीं, बस घर का सामान है."

मी बादलीकडे पाहिले. सवयीने घड्याळाकडेही पाहिले. त्याचा चेहरा उतरला.

"मॅडम, गुस्सा मत होइए. इतकं सांगायला आलो का दिवाळीपुरतं… सिर्फ दिवाळी तक… दोन मनोरे बाहेर लावू द्या. आत ठेवलं तर गिऱ्हाइकाले रंग दिसत नाही. रंग नाही दिसला का बादली नाही विकत. आप ऊपर लिखकर मत भेजिए, बस."

भाचा पाण्याचा पेला हातात धरून उभा होता. "वर म्हणजे कुठे?" त्याने विचारले.

"जिथून मॅडम आल्या तिथे. भोपाल."

भाच्याने माझ्याकडे पाहिले, मग आपल्या आईकडे. ताई अचानक डोळ्यांना फार त्रास होत असल्यासारखी पदराने डोळे टिपू लागली.

ती बादली आली नसती, तर मी गप्प राहिले असते. पण ती माझ्या पायापाशी होती आणि मी ती ठेवून घेऊ शकत नव्हते. ती परत करायची तर कारण सांगणे भाग होते. मी उभी राहिले. कार्यालयात निरोपाच्या दिवशी बोलले होते, त्यानंतर अनोळखी माणसापुढे बोललेले हे माझे पहिले सलग वाक्य.

"आपला गैरसमज झाला आहे," मी म्हणाले. "मी कोणत्याही विभागाची अधिकारी नाही. ही माझी सख्खी बहीण आहे. हिच्या डोळ्यांत औषध घालण्यासाठी मी येते."

त्याने ताईच्या डोळ्यांकडे पाहिले.

"दोन टाइम?"

"दोन वेळा घालायचे असते."

"अन् घडी काहून पाहत होते?"

"औषधाची वेळ ठरलेली आहे."

"अन् सामान काहून पाहत होते?"

"ते मधे होते."

हे उत्तर त्याला पटले. त्याने बादली उचलली, कागद नीट चिकटवला आणि दाराकडे वळला. उंबऱ्यावर थांबून म्हणाला, "तो फिर पट्टी चेक कौन करता है?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "बहुधा कुणीच नाही."

"हे तुले सांगायची काय गरज होती?" तो गेल्यावर ताई म्हणाली. "पहिलं सांगितलं ते ठीक. हे दुसरं काहून सांगितलं?"

भाचा खाटेच्या कडेला बसला. तो रागावला नाही, आणि त्यामुळे ताई अधिक घाबरली. "म्हणजे रस्ता या एका गैरसमजावर मोकळा होता," तो म्हणाला. "मावशी, उद्या काय होईल?"

"उद्या बादल्या बाहेर येतील."

"आणि तुम्ही पुन्हा पालकात पडाल. आणि थेंब दुपारी पडतील." त्याने मोबाइल काढला. "आई, मी गोंदियाहून दोघांचं तिकीट बघतो. आज काढत नाही, पण बघतो."

 रस्त्यावरून एक मोटरसायकल गेली, आणि ती कुणाची हे ताईने सांगितले नाही. मी बाहेर पडून सायकलपाशी आले तेव्हा ती दारापर्यंत आली, भिंतीला हात लावत. एरवी ती भिंतीला हात लावत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजाराच्या तोंडापाशी भाचा उभा होता. त्याने मला पाहून मान हलवली आणि मागे राहून चालू लागला. चहावाल्याने नमस्कार केला नाही. बादल्यांचे मनोरे पट्टीत होते. पूर्वीपेक्षा जास्त होते, आणि आता टबही होते. बादल्यावाला स्टुलावर बसून दात घासत होता.

मी उतरले. उभी राहिले. बादल्यांकडे पाहिले.

"अब क्या देख रहे हो मॅडम?" तो ब्रश बाजूला धरून म्हणाला. "अब तो मालूम है."

फळवाला हसला. चहावाला हसला. माझ्या मागे शाळेची व्हॅन येऊन थांबली, कारण पट्टीबाहेर टबांच्या पलीकडे एक ट्रॅक्टर उभा होता, आणि व्हॅनवाल्याने हॉर्न दिला. भाचा काही पावलांवर थांबला. तो मदतीला येणार नव्हता. यायचे नाही असे त्याने ठरवले आहे, हे त्याच्या उभे राहण्यावरून कळत होते. तसे ठरवणे बरोबर होते. तो पुण्याला गेल्यावर इथे मीच असणार होते.

थेंबांची वेळ झाली होती. बाजाराच्या पुढच्या वळणावर, दारात, ताई मान मागे टाकून बसली असणार होती.

"बादली उचला," मी म्हणाले.

"क्या?"

मी ग्रंथालयात बोलतात तसे बोलले होते. रस्त्यावर ते पोचत नाही.

"बादल्या उचला!" मी म्हणाले. हे बरेच मोठ्याने झाले. व्हॅनमधली मुले खिडक्यांशी आली.

"काहून?"

"ही पट्टी सायकलची आहे. मी सायकलवर आहे. मला पलीकडे जायचे आहे."

हे वाक्य इतके साधे होते की त्यात हरकत घ्यायला जागा नव्हती. तो ती शोधत होता हे दिसत होते.

"इतने दिन क्यों नहीं बोले?" शेवटी त्याने विचारले.

"तुम्ही न बोलताच उचलत होता."

त्याने पायाने एक मनोरा आत सारला. "बस?"

"हँडल अडते. टबही आत घ्या."

टबही आत गेले. तो पुटपुटत होता, पण हात चालू होते. हसू आता त्याच्यावर फिरले होते, आणि फळवाल्याने माझे बोलणे होण्याची वाट न पाहता हातगाडी ओढली. प्रत्येकाने ओढले असे नाही. एका मोटरसायकलीचा मालक सापडला नाही, तेव्हा मी रेघेबाहेर आले, आणि ट्रॅक्टर हलल्यावर मागून आलेल्या व्हॅनवाल्याने पुन्हा हॉर्न दिला.

"माताजी, लेन—"

"लेनमध्ये गाडी उभी आहे," मी मागे वळून सांगितले. "ती तुमची असेल तर काढा. नसेल तर थांबा."

तो थांबला. माझा आवाज अजून खाली आलेला नव्हता. तो कसा आणायचा हे मला उमजत नव्हते.

मी ताईच्या दारात उशिरा पोचले. सगळ्यांशी बोलत यायला वेळ लागतो, हे मी आधी धरलेले नव्हते.

"उशीर," ताई छताकडे पाहत म्हणाली. "कोण ओरडून राह्यलं होतं बाजारात? बाईचा आवाज होता. ओळखीचा नाही."

मी तिच्या डोळ्यांत थेंब घातले. एक थेंब गालावर गेला. तो तिने पदराने पुसला.

भाचा दारात येऊन उभा राहिला. त्याने चपला काढल्या, पुन्हा घातल्या, पुन्हा काढल्या. "आई, ती मावशी होती," तो म्हणाला.

"कोण? ही?" ताईने ओले डोळे उघडले. "ही ओरडली? काय म्हणाली?"

"सायकलची पट्टी आहे, मी सायकलवर आहे, म्हणाल्या."

"अन् मग?"

"मग त्याने बादल्या उचलल्या."

ताईने हे नीट ऐकून घेतले. मग म्हणाली, "बरोबर आहे. तशीच आहे ना ती पट्टी."

भाच्याने खाटेवर बसून मोबाइल काढला. थोडा वेळ तो बोट फिरवत राहिला. "मी माझं एकट्याचं काढतो," तो म्हणाला. "पण मावशी, रोज असा उशीर नको."

"लवकर निघेन."

"लवकर येऊ नको," ताई म्हणाली. "मी तेव्हा झोपून राहते."

संध्याकाळी मी परत त्या रस्त्याने गेले. मनोरे पट्टीत होते, टब होते, आणि स्टूलही आता पट्टीत आले होते. बादल्यावाल्याने मला लांबून पाहिले. तो उठला नाही. मी त्याच्यापुढे येऊन उतरले.

"हां, बोलिए," तो म्हणाला.

मी सकाळचे वाक्य पहिल्यापासून म्हटले.